'या दिवसांत' म्हणजे नक्की कोणत्या दिवसांत?

"या दिवसांत" हे दोन शब्द मला आता नकोसे झाले आहेत. येत्या मे महिन्यात आम्ही चौघी नेपाळ आणि भूतानला जाणार आहोत, असं मी घरात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सांगितलं, तेव्हापासून जो तो मला हे दोन शब्द ऐकवतो आहे. "मावशी, या दिवसांत?" "काकू, या दिवसांत कशाला बाहेर पडताय?" आमचे थोरले भाऊजी तर "या दिवसांत..." एवढंच म्हणून मान हलवतात. पुढच्या वाक्याची त्यांना गरजच वाटत नाही. मी प्रत्येकाला विचारलं, की बाबांनो, कोणत्या दिवसांत? मग कोणते दिवस चांगले होते ते तरी सांगा. त्यावर उत्तर नाही. कोणी म्हणतं, "अगं, सगळं पेटलंय आजूबाजूला." पेटलंय म्हणजे कुठे, कधी, कशावरून, हे विचारलं की टीव्हीकडे बोट दाखवतात.

म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. नातेवाईक वाचतीलच, आणि वाचून त्यांना राग आला तर येऊ दे.

आधी "बाहेर" कुठे सुरू होतं ते पाहू. मी आयुष्यभर भूगोल शिकवला आहे. भारताची जमिनीवरची सीमा १५,१०६ किलोमीटर, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही सांगेन. त्यातली नेपाळची १,७५१ आणि भूतानची ६९९. नेपाळच्या सीमेवर तारेचं कुंपण नाही. व्हिसा नाही. १९९३ पासून आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेला आहे. आणि ही गंमत बघा: २०१९ साली आपल्या गृह मंत्रालयाने सांगितलं, की पासष्टच्या वरच्या आणि पंधराच्या आतल्या भारतीयांना नेपाळ-भूतानला जायला आधार कार्डसुद्धा चालेल. मधल्या वयाच्यांना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. म्हणजे माझी काळजी करणाऱ्या माझ्या भाच्याचे कागद तिथे जास्त तपासले जातील, मावशीचे कमी. दोन्ही सरकारांना आम्हा म्हाताऱ्यांची भीती वाटत नाही, आमच्या घरच्यांना मात्र आमच्यासाठी वाटते.

हाच भाचा पुण्याचा. गुणी मुलगा आहे, मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही, पण उदाहरण त्याचंच घ्यावं लागेल. २०२५ च्या दिवाळीत तो बायको-मुलांना घेऊन थायलंडला गेला. छान फोटो पाठवले. हत्तीबरोबरचे, समुद्रातले, मॉलमधले. त्याच वर्षी जुलैत थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर पाच दिवस खरोखरीची लढाई झाली होती. तोफा, रॉकेट, विमानं, सगळं. लाखांवर माणसं घरदार सोडून पळाली. भाच्याची सहल आटोपली आणि डिसेंबरात ती लढाई पुन्हा पेटली. आमच्या ग्रुपवर कोणी "या दिवसांत?" म्हटलं होतं का? एकानेही नाही. सगळ्यांनी अंगठे पाठवले. बहुतेकांना ती लढाई ठाऊकच नव्हती, कारण आपल्या चॅनेलवर ती चार दिवस दिसली आणि गेली. रशिया-युक्रेनचं युद्ध २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडून युरोपला किती टूर गेल्या असतील मोजा. तिथे जाताना युरोप खंडात युद्ध चालू आहे हे कोणाला आठवत नाही. आठवतं ते काठमांडूचं नाव काढलं की.

याचं कारण मला वाटतं ते असं. लांबचे देश आपल्याला जाहिरातीतून कळतात आणि शेजारचे देश फक्त बातम्यांतून. जाहिरातीत कोणी मरत नाही.

आता नेपाळमध्ये काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जे झालं ते भयंकर होतं. ४ तारखेला सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, ८ तारखेला तरुण मुलं रस्त्यावर आली, गोळीबारात त्या एका दिवसात एकोणीस जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, आणि संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय, सगळ्यांना आगी लागल्या. मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला. विमानतळ बंद पडला, आपले प्रवासी अडकले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितलं, परिस्थिती स्थिर होईपर्यंत जाणं पुढे ढकला. अगदी योग्य सांगितलं. त्या आठवड्यात कोणी निघालं असतं तर मीही वाटेत आडवी पडले असते. पण १२ तारखेला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. नेपाळच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश, आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या, आणि वय त्र्याहत्तर. आमच्याच बरोबरीची बाई. तिने त्या दिवसांत तो देश हातात घ्यायला हो म्हटलं आणि आम्ही त्यानंतर कित्येक महिन्यांनी पोखऱ्याचं तळं बघायलाही जायचं नाही?

आग विझल्याची बातमी कधी मोठ्या अक्षरात येत नाही. चॅनेलवाले सिंहदरबाराच्या ज्वाला दाखवतात, पण पंधरा दिवसांनी तिथे दशैं साजरा झाला ते दाखवायला कोणी कॅमेरा नेत नाही. मला ते कळलं आमच्या कॉलनीच्या रखवालदाराकडून. तो नेपाळच्या पार पश्चिमेकडचा, अछामचा. त्या भागातली हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या भारतात कामाला येतात. तो त्या सप्टेंबरच्या शेवटी नेहमीसारखा दशैंला घरी गेला आणि सण करून, येताना आमच्यासाठी थोडं तूप घेऊन परत आला. मी विचारलं, कसं होतं रे तिकडे? म्हणाला, "मॅडम, गाव में तो सब ठीक था, बस टिकट महंगा हो गया।"

या माणसाला कॉलनीत सगळे "बहादूर" म्हणतात. त्याचं नाव ते नाही. त्याच्या आधी जो होता त्यालाही बहादूरच म्हणायचे, त्याचंही ते नाव नव्हतं. आमच्या घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. आमचे भाऊजी मुलाकडे महिनाभर जातात तेव्हा आख्खं घर त्याच्या भरवशावर टाकून जातात, आणि तो रात्री दोनदा कुलूप ओढून बघतो. तो इथे येऊन आपलं घर राखतो तेव्हा भरवशाचा, आणि आपण त्याच्या देशात जायचं म्हटलं की देश धोक्याचा! हे कोणतं तर्कशास्त्र आहे ते मला भाऊजींनी समजावून सांगावं. मी लिहून घेईन.

खरा धोका कुठला ते मला विचारा. मी सांगते. २३ ऑगस्ट २०२४ ला नेपाळच्या तनहूँ जिल्ह्यात यात्रेकरूंची बस मर्स्याङ्दी नदीत कोसळली. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातली, भुसावळ-वरणगाव भागातली पंचवीसहून जास्त माणसं गेली. आपलीच माणसं, मराठी बोलणारी, देवाला निघालेली. मी ग्रुपवर विचारलं, नेपाळला जाऊ नका म्हणता, मग ही बस कोणाला आठवते का? दोघांना पुसट आठवलं. बाकीच्यांना नाहीच. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत! का बरं विसरलो आपण? कारण त्या अपघातात शत्रू नव्हता. घाट होता, पावसाळ्यातला रस्ता होता, खाली नदी होती. त्यावर रात्री नऊ वाजता चार माणसं बसवून आरडाओरडा करता येत नाही. जे मृत्यू चर्चेच्या कामाला येत नाहीत ते आपल्या लक्षात राहत नाहीत, आणि मग आपण भलत्याच गोष्टीला घाबरतो. मला जर कोणी म्हणालं असतं, "काकू, पावसाळ्यात डोंगरातून बसने जाऊ नका, रात्रीचा प्रवास घेऊ नका," तर मी त्याचे पाय धरले असते. असं एकानेही म्हटलं नाही. सगळे म्हणाले, "परिस्थिती तंग आहे."

एक आक्षेप मात्र असा आहे, की त्याच्यापुढे आवाज चढवून बोलणं मला जमत नाही. माझी पुतणी म्हणाली, "काकू, पहलगामचं विसरलात?" नाही गं, विसरले नाही. २२ एप्रिल २०२५ ला तिथे सव्वीस जण मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. सुट्टीला गेलेली साधी माणसं. त्या दिवसानंतर कितीतरी रात्री मला झोप लागली नाही. पण पुतणीला माझं एवढंच विचारणं आहे, की त्यातून नेपाळला जाऊ नये हे कसं निघालं? ती माणसं परदेशात गेली नव्हती, आपल्याच देशात होती. सगळं सुरळीत आहे, या, असं सांगितलेल्या ठिकाणी होती. धोका सीमेच्या पलीकडे आणि अलीकडे सगळं सुरक्षित, ही समजूतच त्या दिवशी खोटी ठरली. आणि दुसरं म्हणजे, त्या सहा घरांचं दुःख आपल्या घरगुती वादात पुराव्यासारखं काढू नये. मावशीची सहल अडवण्यासाठी ते नाही.

मग येतो देशभक्तीचा मुद्दा. हा पुरुषमंडळींचा आवडता. "नेपाळने २०२० साली आपला भाग त्यांच्या नकाशात दाखवला, त्यांना आपण आपले पैसे का द्यायचे?" हा प्रश्न विचारणाऱ्या एकालाही कालापानी कुठे आहे ते नकाशावर दाखवता आलं नाही, हे आधी नोंदवते. (मी नकाशा पुढे केला होता. जुनी खोड.) तो वाद १८१६ च्या सुगौलीच्या तहापासूनचा. काली नदी ही सीमा ठरली, पण काली नदीचा उगम नेमका कुठला ओढा धरायचा यावर दोन देशांचं एकमत नाही. लिपुलेखची खिंड त्यातच येते. भांडण खरं आहे, आणि आपली बाजू आपल्या सरकारने ठामपणे मांडावी, मांडतंही. पण त्यासाठी मी लुंबिनीला जाऊ नये?

अहो, आपण सोलापूरकर! आपल्याला कोणी सीमावाद शिकवावा? १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून बेळगावचं भांडण चालू आहे. बेळगाव कर्नाटकात दाखवणारा नकाशा मी वर्गात तीस वर्षं टांगला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट आणि आपल्या सोलापूरवरच हक्क सांगितला. पुढच्याच महिन्यात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि एसटीच्या तिकडच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. तेव्हा सोलापूरच्या लोकांनी गाणगापूरला जायचं सोडलं का? पौर्णिमा चुकवली का कोणी? त्या दिवसांत आमच्या वन्सं सकाळच्या गाडीने गाणगापूर रोडला उतरल्या, संगमावर स्नान केलं, माधुकरी मागितली, कानडी बाईने वाढलेली भाकरी खाल्ली आणि रात्री घरी आल्या. मीच स्टेशनवर आणायला गेले होते. घरी कोणी "या दिवसांत" म्हटलं नव्हतं. कारण गाणगापूर आपल्याला ठाऊक आहे, बातमीच्या आधीपासून ठाऊक आहे. काठमांडू ठाऊक नाही. सगळा फरक एवढाच आहे, आणि तो फरक जाऊन आल्याशिवाय मिटत नाही.

तसं तर पशुपतिनाथाचे मुख्य पुजारीही परंपरेने कर्नाटकातलेच भट्ट असतात. २००९ साली तिथल्या सरकारने त्यांच्या जागी नेपाळी पुजारी नेमायचा प्रयत्न केला तर केवढा गदारोळ झाला होता! म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्यासारखा माणूस तिथे देवाची पूजा करतो आणि आपण म्हणतो परका मुलूख.

आणि परिस्थिती तंग म्हणाल तर १९३० च्या मे महिन्यात सोलापूरला यायचं धाडस कोणी केलं असतं? गांधीजींना अटक झाली, इथे गोळीबार झाला, लोकांनी पोलीस चौकी जाळली, कोर्ट जाळलं, तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचं राज्य म्हणून काही उरलंच नव्हतं. १२ मेला मार्शल लॉ लागला. पुढच्या जानेवारीत चौघांना फाशी झाली, ते आपले चार हुतात्मे. त्या चार दिवसांवरून जर जगाने सोलापूर कायमचं पेटलेलं गाव ठरवलं असतं, तर आपल्याला कसं वाटलं असतं? आपण मात्र त्या चौकातून रोज अभिमानाने जातो आणि काठमांडूचं कोर्ट जळालेलं पाहून म्हणतो, "रानटी आहेत."

आता डॉ. कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय सोलापूरकराचा लेख पुरा होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण इथे ते उगीच येत नाहीत. द्वारकानाथ कोटणीस या गावात १९१० साली जन्मले. भय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे, आपण पोरांना दाखवायला नेतो. जपानने चीनवर चाल केली होती, आणि १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत हा अठ्ठाविशीतला मुलगा निघाला. चौघे परत आले, हे तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या घरी त्या वेळी कोणी "या दिवसांत?" म्हटलं नसेल का? मी माझ्या सहलीची त्यांच्या कामाशी बरोबरी करत नाही, एवढी अक्कल मला आहे. मला दुसरंच म्हणायचं आहे. १९६२ ला त्याच चीनशी आपलं युद्ध झालं. २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. तरीही २०१३ साली चीनचे पंतप्रधान ली केचियांग मुंबईत आले तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या म्हाताऱ्या बहिणीची भेट घेतली. दोन्ही देशांत काहीही बिनसलं तरी बोलायची सुरुवात करायला जे एक नाव उरतं, ते या गावातून तिकडे गेलेल्या एका माणसाचं. तो घरी बसला असता तर ते नाव नसतं. पाच वर्षं बंद असलेली कैलास-मानसरोवर यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, ऑक्टोबरात चीनला थेट विमानंही सुरू झाली. सरकारं भांडतात आणि गरज पडली की दारही उघडतात. आपण मात्र एकदा घातलेली कडी काढत नाही.

सगळीकडेच जा असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट करते, नाहीतर भाऊजी म्हणतील हिला लाहोरला जायचंय. लाहोरचं माहीत नाही, पण कराचीला जायची इच्छा मला आहे, आणि ती लपवण्यासारखी वाटत नाही. तिथे नारायण जगन्नाथ हायस्कूल नावाची शाळा आहे, १८५५ मधली, सिंधमधली पहिली सरकारी शाळा. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची. फाळणी झाली, युद्धं झाली, पण शाळेचं नाव त्यांनी बदललं नाही. एका मास्तरणीला ती शाळा बघावीशी वाटली तर त्यात काय चुकलं? आपल्या सोलापुरातल्या भावसार समाजाची कुलदेवता हिंगलाज, तिचं मूळ ठाणं बलुचिस्तानात. २००६ साली जसवंतसिंह यात्रा घेऊन तिकडे गेले होते. आज ते होणार नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची चौकी बंद झाली, व्हिसे रद्द झाले, ७ मेला कर्तारपूरचा रस्ताही आपण बंद केला. माझ्या सरकारने जाऊ नको म्हटलं, मी जाणार नाही. बांगलादेशही आम्ही यादीतून काढला. २०२४ च्या ऑगस्टपासून तिथे जे चाललं ते वाचून आम्हालाच नको वाटलं. म्हणजे आम्ही डोळे मिटून निघालेलो नाही. प्रत्येक देशाचा वेगळा विचार केला. "आजूबाजूला" नावाचा देश नकाशात नाही, म्हणून त्याला घाबरता आलं नाही.

इथल्या एका टूरवाल्याकडेही जाऊन आलो. नेपाळ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "काकू, सिंगापूर करा ना, सेफ आहे." त्याला विचारलं, नेपाळ सेफ का नाही? म्हणाला, "तसं नाही, पण त्यात लोक येत नाहीत." ग्रुप भरत नाही, कमिशन सुटत नाही, हे सरळ सांगितलं असतं तर मी चहा पाजला असता. धंद्याच्या अडचणीला त्यानेही परिस्थितीचं नाव दिलं.

मग आमचं आम्हीच ठरवलं. पुण्याहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौली, लुंबिनी. लुंबिनीला आमच्यातल्या एकीला बाकी कशाहूनही जास्त जायचं आहे. तिचे वडील १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेब त्या सोहळ्यानंतर महिन्याभराने, नोव्हेंबरात, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. प्रकृती पार ढासळलेली होती. ६ डिसेंबरला ते गेले. वय पासष्ट. "या प्रकृतीत कशाला" म्हणणारे तेव्हाही भेटले असतील. लुंबिनीहून पोखरा, काठमांडू, मग पूर्वेला काकडभिट्ट्याहून सिलिगुडी आणि फुन्शोलिंगवरून भूतान. भूतानची फी भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये आहे. २०२२ पासून ती त्यांनी कडक केली. चौघींच्या चार रात्रींचे १९,२०० झाले. महाग आहे, पण डोंगर घाण होऊ नये म्हणून घेतात, तर देऊ. मुक्तिनाथ काढून टाकलं. उंची ३,७०० मीटरच्या वर आणि दोघींना रक्तदाब. रात्रीची बस एकही नाही. डोंगरातला लांबचा पल्ला विमानाने किंवा लहान गाडीने, उजेडात. पाऊस लागायच्या आत, मेच्या अखेरीस परत. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय, वर म्हणाले, मे महिन्यात सोलापूरच्या चव्वेचाळीस डिग्रीत बसण्यापेक्षा बरं.

आणि "पुढच्या वर्षी जा, तोवर निवळेल" म्हणणाऱ्यांसाठी. आम्ही चौघी नव्हतो, पाच जणी होतो. पहिलं ठरलं ते २०२० च्या मे महिन्याचं. कोरोना आला, ते सोडून देऊ. २०२२ ला पुन्हा ठरवलं, तर पाचवीच्या मुलाने सांगितलं, "आई, अजून वातावरण ठीक नाही, पुढच्या वर्षी बघू." २०२३ ला तेच. तिने गरम कपड्यांची बॅग भरून कपाटावर ठेवली होती, स्वेटर स्वतः विणलेला. २०२४ च्या पावसाळ्यात ती गेली, इथेच, सोलापुरात, घरात, झोपेत. तिच्या मुलाला मी दोष देत नाही, तो चांगला मुलगा आहे, त्याने काळजीपोटीच सांगितलं. पण तुमची काळजी आमच्या वर्षांतून वजा होते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तुम्हाला पुढचं वर्ष हे असतंच. आम्हाला ते मिळालं तर मिळतं. त्यामुळे आम्हाला थांबवायचं असेल तर ज्याला तारीख आहे, ठिकाण आहे, असं कारण सांगा. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना दाखवा, दरड कोसळल्याची बातमी दाखवा. मी ऐकेन. हवामान वाईट आहे असं नुसतं म्हणू नका.

रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही, तेव्हा ते काम माझ्या नातवाकडे दिलं आहे. विमा काढला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वन्सं करणार आहेत, लोणचं माझ्याकडे. नेपाळात पोचल्यावर तिथलं सिमकार्ड घेऊ आणि रोज रात्री आठ वाजता ग्रुपवर एक फोटो आणि चौघींची खुशाली टाकू. आठ वाजता, नऊला नाही, कारण नऊला तुमच्या बातम्या असतात. भाऊजी, तुमच्या बीपीच्या गोळ्या वहिनींकडे मोजून दिल्या आहेत. आणि आमच्या घराची किल्ली नेहमीप्रमाणे खाली रखवालदाराकडे असेल. त्याचं नाव दीपक आहे. लागली तर त्याला नावाने हाक मारून मागून घ्या.